गाणं कुणाचं, तेवढं लिहा

गाण्यांची ॲप चालवणारी मंडळी आणि मराठी ध्वनिमुद्रणांचे हक्क बाळगून असलेल्या संगीत कंपन्यांचे अधिकारी यांस,



पत्र तक्रारीचं आहे, पण रडगाणं नाही. मी दरमहा वर्गणी भरून गाणी ऐकणारा माणूस आहे. कॅसेटची गुंतलेली फीत पेन्सिलीनं सोडवण्यात मला कधीच काही काव्य दिसलं नाही. रात्री अकरा वाजता माणिक वर्मांचं एखादं गाणं आठवावं आणि मिनिटभरात ते कानात वाजावं, ही सोय ज्यांनी केली त्यांना नावं ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, त्याबद्दलही पुष्कळ हळहळून झालं. दुकानं जायचीच. पण तसल्या दुकानांत काउंटरमागे जो माणूस असायचा, तो कॅसेट हातात देता देता सांगायचा की चाल खळ्यांची आहे, शब्द पाडगावकरांचे. तुमचं ॲप हे सांगत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ही तक्रार वाटते तितकी लहान नाही.

आपल्याच एखाद्या ॲपवर जुनं मराठी भावगीत लावून पाहा. पडद्यावर मोठं चित्र येतं, बहुधा गायिकेचं, पुष्कळदा कुठल्याशा सूर्यास्ताचं. त्याखाली गायिकेचं नाव. मग साल. हे साल वाचून तर हसावं की रडावं कळत नाही. ‘साधी माणसं’ हा १९६५चा चित्रपट. पण त्यातलं गाणं एखाद्या ‘सदाबहार’ संकलनातून वाजलं की खाली त्या संकलनाचं साल येतं. नव्या पिढीतल्या मुलाला वाटावं, हे गाणं आपल्या दहावीच्या वर्षी निघालं. गीतकार शोधायला तीन ठिपके दाबायचे, मग आणखी एक ओळ दाबायची, आणि तिथे पोचल्यावर रकाना रिकामा. किंवा त्याहून वाईट, गीतकाराच्या जागी कंपनीचं नाव.

याच ‘साधी माणसं’चं संगीत ‘आनंदघन’ यांचं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. शांता शेळक्यांनी ‘वसंत अवसरे’ या नावानं गाणी लिहिली, हेही जाणत्यांना ठाऊक आहे. यंत्राला मात्र सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्याच्या लेखी आनंदघन हा कुणी वेगळाच गृहस्थ आणि अवसरे दुसरा. खळ्यांचंच नाव कुठे ‘श्रीनिवास’, कुठे ‘श्रीनीवास’, कुठे नुसतंच ‘खळे’. रोमन लिपीतल्या चार स्पेलिंगांमुळे एकाच संगीतकाराची चार माणसं झालेली असतात आणि चौघांच्या नावावर थोडी थोडी गाणी असतात. खळ्यांचं सगळं काम एका जागी ऐकायची इच्छा असलेल्यानं काय करावं?

तो ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर जातो. तिथे हजारो मराठी गाण्यांचे शब्द आहेत आणि प्रत्येकाखाली गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, जमेल तिथे राग. हौसेपोटी, प्रेमापोटी उभं राहिलेलं काम आहे ते. ज्या माहितीसाठी हौशी माणसं जुन्या तबकड्यांची वेष्टणं धुंडाळतात, ती माहिती तुमच्या कपाटांत करारांच्या कागदावर सह्यांनिशी पडलेली आहे. मग अडलंय कुठे?

तंत्रज्ञानामुळे हे होतं, असं आपण म्हणणार असाल तर थोडा इतिहास सांगू द्या. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांतही शेवटी बाईंनी इंग्रजीत आपलं नाव खणखणीत सांगून ठेवलं. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं हे कळायला हवं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या कारखान्यात, हिंदुस्थानी गाण्यातलं अवाक्षर न कळणाऱ्या माणसांकडूनही नाव चुकू नये याची व्यवस्था होती. आज तुमच्याकडे माहितीला जागाच जागा आहे.

जुना काळ सोन्याचा होता असंही मी म्हणत नाही. १९४९च्या ‘महल’मधलं जे गाणं लता मंगेशकरांना देशभर घेऊन गेलं, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणाऱ्या बाईचं नाव लोकांना रेडिओला पत्रं पाठवून विचारावं लागलं. गीतकारांचं नाव रेडिओवर घेतलं जावं म्हणून साहिर लुधियानवींना भांडावं लागलं. तेव्हा नाव गाळण्याची खोड कंपन्यांना जुनीच आहे. फरक इतकाच की मधली काही दशकं भांडून भांडून ही खोड मोडली होती. आकाशवाणीच्या निवेदिका गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांची नावं घ्यायच्या. ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या बायाबापड्यांना जगदीश खेबुडकर आणि राम कदम ही नावं कुठल्याही पुस्तकाशिवाय पाठ झाली ती त्यामुळे. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरही बारीक अक्षरांत का होईना, नावं असत. इंटरनेट आलं आणि ही कमाई आपण एका झटक्यात घालवून बसलो. २०२० साली हिंदीतल्या गीतकारांना एकत्र येऊन श्रेय मागणारं गाणंच करावं लागलं, ‘क्रेडिट दे दो यार’. त्यात स्वानंद किरकिरे होते. ज्यांची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्यांच्यावर ही वेळ. मग मराठी लोकगीतकाराची काय कथा?

त्या लोकगीतकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी खरी चीड तिथली आहे. आपल्याकडच्या संतांना आणि शाहिरांना नावाची ही चोरी फार आधीपासून ठाऊक होती. गाणं तोंडोतोंडी फिरणार, कागद हरवणार, म्हणून त्यांनी नाव गाण्यातच विणून टाकलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबा आपलं नाव सांगतात, नामदेव सांगतात, बहिणाबाई सांगतात. एकनाथ तर गुरूचंही नाव जोडतात. नाममुद्रा गेली तर अभंग अपुरा, इतकी पक्की सोय. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक यांनीही तीच रीत पाळली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतोच. २००४ साली ते गेले. हजारो गाणी लिहिलेला हा माणूस गावोगाव पायी फिरून गायला, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या लाटेत अशी गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली. आज १४ एप्रिलला महाराष्ट्रात कुठेही उभे राहा, त्यांचे शब्द कानावर पडतील. त्यातलं एखादं गाणं ॲपवर शोधा. गायकाचं नाव मिळेल, कंपनीचं मिळेल, नवा ठेका घालणाऱ्या डीजेचंही मिळेल. गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’. जो माणूस आपल्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिला, तो इतक्या लवकर परंपरा झाला!

आता त्यावर रीलची भर. तीस सेकंदांचा तुकडा कापायचा तर तो गाण्याच्या तोंडाकडून कापतात, ध्रुवपदाचा. नाममुद्रा शेवटी असते. म्हणजे शतकानुशतकं टिकलेली व्यवस्था तुमच्या कात्रीनं नेमकी बाहेर टाकली. मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण कात्री तुमच्या हातात आहे, तर तुकड्याखाली एक ओळ लिहिण्याची जबाबदारीही तुमचीच.

नाव म्हणजे केवळ मान असं समजून हे पत्र बाजूला ठेवू नका. नाव म्हणजे पैसा. तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, वाचकांसाठी सांगतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, आयएसआरसी. आणि मूळ रचनेला, म्हणजे शब्द आणि चालीला, वेगळा क्रमांक असतो, आयएसडब्ल्यूसी. ‘गीतरामायण’ घ्या. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर ही ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली, पुढे सुधीर फडक्यांनी ती सगळी स्वतः गायली, नंतर आणखी कितीतरी जणांनी गायली. मुद्रणं अनेक, त्यामुळे पहिल्या जातीचे क्रमांक अनेक. पण त्यातल्या एका गीताची रचना एकच, गीतकार गदिमांची आणि संगीतकार फडक्यांची. कुणीही गायलं तरी रचनाकारांचा वाटा त्या एका क्रमांकाकडे जायला हवा. रकाना रिकामा असेल तर तो जात नाही. वाटेत अडकतो.

अडकलेली रक्कम किती असू शकते? अमेरिकेत नवा कायदा झाल्यावर २०२१च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग कंपन्यांनी धनी न सापडलेल्या मानधनाचे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर एका संस्थेच्या हवाली केले. गाणी वाजली होती, पैसे जमले होते. लिहिणारा कोण ते जुळत नव्हतं. ही तिथली गोष्ट, जिथे नोंदी आपल्याहून बऱ्या आहेत.

आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी केलेली भाषणं पुष्कळांना आठवत असतील. चित्रपटगृहाबाहेर गाणं जिथे जिथे वाजेल तिथे गीतकार आणि संगीतकाराला बरोबरीचा वाटा, आणि हा हक्क करारात लिहून घेऊन काढून घेता येणार नाही, असं त्यात आलं. कायदा चांगला आहे. पण मानधनाची वाटणी आयपीआरएस ही संस्था करते ती नोंदींवरून, आणि नोंदी येतात तुमच्याकडून. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. गदिमा १९७७ साली गेले; म्हणजे २०३७ सरेपर्यंत तो हक्क ज्याच्याकडे असेल त्याचा वाटा निघतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या दिवंगत गीतकाराच्या मुलीला आयपीआरएस म्हणजे काय हे कुणी सांगायचं? करार ज्यांच्याकडे आहेत, पत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ना?

वाटणीच्या पद्धतीबद्दलही बोलायचं आहे. मी महिनाभर फक्त मराठी भावगीतं आणि ख्याल ऐकले, तर माझी वर्गणी त्या कलाकारांना जाते असा माझा भाबडा समज होता. तसं नसतं. बहुतेक ॲपवर सगळ्यांची वर्गणी एकत्र होते आणि देशभरात एकूण जितकं वाजलं त्याच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे माझे पैसे बहुतांशी मी कधी न ऐकलेल्या हिंदी-पंजाबी गाण्यांना जातात. त्या गाण्यांशी माझं वैर नाही. पण प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये सुरू केली आहे. हे अशक्य आहे असं तरी सांगू नका.

त्यातही मोजणीची गंमत पाहा. तीस सेकंद वाजलं की एक वेळ वाजलं असं धरतात. एकतिसाव्या सेकंदाला बदललेलं गाणं एक, आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल, समेवर सम घेत शेवटपर्यंत ऐकलेला, तोही एकच. नव्या गाण्यांचे आलाप का आटले, सुरुवातीचं वाद्यसंगीत कुठे गेलं, याचं उत्तर शोधायला संगीत समीक्षकाची गरज नाही. शिवाय २०२४पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या मुद्रणाला मानधनच नाही. बनावट गाण्यांचे ढीग ओतणाऱ्यांना आळा घालायचा हेतू मला मान्य आहे. पण भराडी, गोंधळी, भारूड म्हणणारा एखादा म्हातारा, ज्याची दोन-चार मुद्रणं कुणी पोराबाळांनी कौतुकानं चढवली, तोही याच चाळणीतून खाली पडतो.

हिशोबाचा दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे तुमचा यांत्रिक फौजदार. २००७पासून यूट्यूबकडे कंटेंट आयडी आहे: कंपनीनं आपलं ध्वनिमुद्रण नमुना म्हणून द्यायचं आणि यंत्रानं जगभरातल्या व्हिडिओंशी ते ताडून पाहायचं. चोरी पकडायला उत्तम. पण शास्त्रीय संगीतात शिष्य गुरूची बंदिश तशीच गातो. तेच तर शिक्षण. दोनशे वर्षांपूर्वीची यमनची बंदिश एखाद्या मुलीनं आपल्या घरी गाऊन चढवली की नोटीस येते, अमुक कंपनीचा हक्क, जाहिरातीचे पैसे त्यांना. कधी नुसता तानपुराही ‘सापडतो’. हरकत घेतली तर ती पहिल्यांदा जाते कुणाकडे? दावा करणाऱ्या कंपनीकडेच, तीस दिवसांच्या मुदतीनं. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, तोच न्यायाधीश. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. बालगंधर्वांच्या बहुतेक तबकड्यांवरचा तो कधीच संपला आहे. तरी त्यांच्यावर दावे लावणं चालू असेल, तर यंत्राला दोष देऊ नका. नमुना कुणीतरी माणसानंच दिला होता. वामनदादांच्या शब्दांना ‘पारंपरिक’ म्हणायचं आणि परंपरेतल्या बंदिशीला ‘आमची मालमत्ता’ म्हणायचं, असा हा उफराटा कारभार आहे.

गाणी वाजण्याच्या क्रमाबद्दलही एकच सांगतो. काही ॲपच्या फुकटच्या खात्यावर ‘गीतरामायण’ लावलं की गाणी वाटेल त्या क्रमानं येतात. आधी लंका जिंकली जाते, मग सीतेचं स्वयंवर होतं. काही संग्रह सरमिसळ न करता वाजवायचे असतात, एवढी खूण संग्रहावर करून ठेवा. ख्यालातलं विलंबित आणि द्रुत वेगळं तोडू नका. हे फुकट होण्यासारखं काम आहे.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ साली मनाई केली, २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजालाही संरक्षण दिलं. त्यांना न्यायालयात जाता आलं. वेसाव्याच्या कोळीगीतगायकाला, पंढरपूरच्या भजनीबुवाला जाता येणार नाही. त्यांचे आवाज यंत्राला शिकवायला देताना तुम्ही त्यांना विचारणार आहात का, हा प्रश्न आजच विचारून ठेवतो. २०२४च्या ‘लाल सलाम’साठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, ते घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. एवढी तरी रीत पाळा. पण परवानगी मागायला आधी माणूस कोण हे माहीत हवं, आणि आपली गाडी पुन्हा त्या रिकाम्या रकान्याशी येऊन थांबते.

मागण्या वर आल्याच आहेत. सगळ्या एकदम मान्य होतील असं समजण्याइतका मी नवखा नाही. वाटणीची पद्धत बदलायला वर्षं लागतील, न्यायालयं मध्ये येतील. नावं लिहायला मात्र कुणाचीच परवानगी नको. संगीत कंपन्यांनी आपली जुनी कागदपत्रं उघडावीत, ॲपवाल्यांनी गीतकार-संगीतकाराचा रकाना भरल्याशिवाय नवं गाणं घेऊ नये, आणि ती नावं ठिपक्यांमागे न लपवता गायकाच्या नावाखाली, देवनागरीतही दाखवावीत. सगळा संग्रह एकदम जमत नसेल तर सर्वांत जास्त वाजणाऱ्या शंभर मराठी गाण्यांपासून सुरुवात करा. जाणकार माणसं हवी असतील तर महाराष्ट्रात गावोगाव आहेत. बोलावलंत तर येतील, आणि फार पैसे मागणार नाहीत.

या पत्राला उत्तर नको. पुढच्या महिन्याची वर्गणी भरताना एखाद्या गाण्याखाली कवीचं नाव दिसलं, तर तेच उत्तर समजेन.



आपला,
एक वर्गणीदार श्रोता